ऑर्फाने ठोकून बसवलेलं बूच

ऑर्फाला कशाचीही भीती वाटायची. आभाळ गडगडलं की पलंगाखाली डोकं घालायची, आणि वर म्हणायची, मांजर शोधतेय. पण अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात भाज्या-फळांच्या हवाबंद बरण्या भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं बाई. तिने लावलेलं झाकण उघडायला घरात गडीमाणूसच लागायचा.

शेजारच्या लोरेनची टिल्डी, सहा वर्षांची, आई कामावर गेली की हिच्याकडे. त्या उन्हाळ्यात पोरीने रॉकेटचा ध्यास घेतला.

"काडेपेटीला हात नाही लावायचा," ऑर्फा म्हणाली. "विस्तवाचं काही करणार नाही मी."

मग काय, प्लॅस्टिकची बाटली घेतली, तिला तीन पेन्सिलींचे पाय चिकटवले. आत व्हिनेगर, कागदाच्या पुडीत खायचा सोडा, तोंडाला बूच. बाटली उलटी करून अंगणात उभी केली. आवाजाने पोर दचकेल म्हणून ऑर्फाने तिच्या कानांत कापूस कोंबला. रॉकेट जागचं हललंच नाही. बुचाशेजारून फेस गळला, झालं.

"आजी, हे तर लाळ गाळतंय!"

"थांब गं भवाने. माझ्या हातचं कधी गळलंय का?"

जिद्दीला पेटली ना! बरणीच्या रबरी कड्याची पट्टी कापली, बुचाला गुंडाळली, बाटलीत पुन्हा व्हिनेगर-सोडा भरला, आणि बूच तळहाताने ठोकून बसवलं. बाटली उभी केली. दोघी पायरीवर येऊन बसल्या.

काहीच होईना. बाटली नुसती फुगत चालली, तट्ट. तेवढ्यात एक पेन्सिल निसटली आणि बाटली कलंडली, बूड घराकडे, म्हणजे उडाली तर घरातच.

"हेही बिघडलं," म्हणत टिल्डी उठली, निघाली हलवायला.

"टिल्डे! मागे फीर!"

पोरीला काय ऐकू येणार? कान तर हिनेच बंद केलेले. टिल्डी बाटलीपाशी जाऊन खाली वाकली.

ऑर्फा धावली. गुडघे धरलेली बाई, कशी धावली देव जाणे. मागून फ्रॉक धरला, पोरीला पोटाशी ओढलं, पाठ फिरवली, आणि फाडकन आवाज झाला. बाटली व्हिनेगर उडवत दोघींच्या डोक्याजवळून गेली ती दाराची जाळी फाडून घरात. आणि टिल्डी दोन्ही हातांनी डोळे दाबून किंचाळत होती.

"हात काढ गं माझे बाई."

पोरगी हात काढेना. खरं सांगायचं तर ऑर्फालाही ते हात काढायचे नव्हते. हात बाजूला केले आणि खाली डोळा नसलाच तर? लोरेनला काय तोंड दाखवायचं? पायरीजवळची पाण्याची बादली ओढली आणि पाणी मारायला लागली, ते पोरीच्या तोंडावर कमी आणि स्वतःच्या मांडीवर जास्त. ओंजळीमागून ओंजळ मारत राहिली. व्हिनेगरचा वास नाकात गेला तरी तिच्या मनाला पटेना, की हे नुसतं व्हिनेगरच आहे, रक्त नाही.

शेवटी तिने पोरीच्या कानांतला कापूस काढला, आणि हळूच विचारलं, "दिसतंय का गं?"

एक डोळा उघडला. लालबुंद. मग दुसरा.

"दिसतंय की. आजी, तू का रडतेस? तुला लागलं?"

ऑर्फा तिथेच चिखलात बसली. शेवटी टिल्डीच तिला हाताला धरून ओढत होती, नाक पुसत, "ऊठ ना गं आजी, ऊठ ना."