उडत्या खुर्चीची परीक्षा, मुक्काम कन्नड

शनिवारी सकाळी सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी धाकटी बहीण, कन्नडजवळच्या एका खेड्यात असते. "दादा, ह्यांनी माणूस बसायचा ड्रोन केलाय. उद्या स्वतः बसणार म्हणतात. तू ये आणि नाय म्हण."

पाच मिनिटांनी तिच्या यजमानांचा, भगवानरावांचा फोन. "दादा, उद्या याच. तुम्ही बघून व्हय म्हणलात तरच बसतो. नाय म्हणलात तर नाय. शब्द देतो."

मी वाळूजच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतो. एवढ्यावरून घरातली माणसं मला यंत्रांचा जाणकार समजतात आणि मीही तो गैरसमज फारसा दूर करत नाही. दोघांनाही मी "येतो, बघू" म्हणालो. बहिणीला तिथंच स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं की भगवानरावांना, हे ठरेना, म्हणून बॅग भरली.

रविवारी सकाळी सातला छावणीतल्या घरातून निघून नगर नाक्यावर कन्नडची एसटी पकडली. जाणाऱ्यांसाठी: गाडी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत जाते, दोन तास हाताशी ठेवा. डावीकडची खिडकी मिळाली तर किल्ला दिसतो. वेरूळला लेणी पाहणारे उतरतात आणि मग पाय लांब करता येतात. गौताळ्याच्या अभयारण्यात जायचं असेल तर कन्नडला आठवडी बाजाराचा दिवस टाळा, जीपमध्ये तुमच्याआधी कोथिंबीर बसलेली असते.

कन्नड बसस्थानकावर भगवानराव मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांचा फवारणीच्या ड्रोनचा व्यवसाय आहे, आसपासच्या गावांत आल्याची आणि मक्याची पिकं फवारून देतात. वाटेत त्यांनी आपलं दुःख सांगितलं. चाळीसगावला त्यांची बहीण असते. घाटात गाड्या अडकल्यामुळं तिच्या मुलीच्या साखरपुड्याला ते पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

"हवेतून घाट किती, दादा? दहा मिनिटं."

"आणि बॅटरी किती चालते?"

"सहा."

"मग उरलेली चार मिनिटं?"

"त्याचाच विचार चालू आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

यंत्र शेतातल्या, रस्त्यालगतच्या मोकळ्या पट्टीत उभं होतं. हलक्या नळ्यांचा सांगाडा, मध्ये लग्नमंडपातली वाटावी अशी प्लास्टिकची खुर्ची आणि भोवती गुडघ्याच्या उंचीवर आठ पंखे. मी प्रत्येक बोल्ट हलवून पाहिला. एकही हलला नाही, याचा मला थोडा रागच आला. मग कागदाचं विचारलं.

"माणूस उडवायची परवानगी आहे का?"

"नाय. पण आपल्याच वावरात, चारी बाजूंनी दोर बांधून, छातीइतकंच उंच."

कायदा छाती मोजत नाही, हे मी म्हणालो, पण हळू आवाजात.

आधी भगवानरावांनी स्वतःच्या वजनाइतकं आल्याचं पोतं खुर्चीत बांधलं. पंखे फिरले, धूळ उडाली, शेजारच्या शेतातला बैल दावं ताणून उभा राहिला. पोतं छातीइतकं वर गेलं, दोन मिनिटं तरंगलं आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसं खाली आलं. मला टाळी वाजवायची होती. शेजारी सुनंदा उभी होती, म्हणून हात मागे बांधले.

भगवानराव घाम पुसत माझ्याकडं बघत होते. "बोला दादा."

माझ्या तोंडातून "तसं पाहिलं तर" इतकंच निघालं. सुनंदानं पुढचं उचललं.

"पोत्याला कुणी राम राम घालत नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्हाला घालतात. अन् तुम्ही गाडीवर असलात तरी हात सोडून, मागं वळून उत्तर देता. त्या खुर्चीत हात बाहेर काढला तर मनगट राहील का? बॅटरी काढा. खुर्चीत पंधरा मिनिटं बसा. रस्त्यावरून कुणीबी जाऊ द्या, हात अन् पाय आत. जमलं तर दादा व्हय म्हणल."

मी म्हणेन असं मी म्हणालो नव्हतो. पण भगवानरावांचा चेहरा इतका उजळला, की मी घड्याळ लावलं.

सव्वाअकराचं ऊन होतं. दूधवाला गेला, "राम राम अण्णा!" भगवानरावांनी ओठ दातांखाली दाबला आणि फक्त मान हलवली. दूधवाला थांबला. "तब्येत बरी नाय का?" दोन बायका गेल्या, त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, भाऊजी रुसले वाटतं!" खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला. भगवानरावांच्या मुठी मांडीखाली होत्या. आठ मिनिटं झाली, मग दहा. मला जाणवलं की मी त्यांच्या बाजूनं मोजतोय. आणि आता व्हय म्हणायची पाळी माझ्यावर येत होती.

बाराव्या मिनिटाला बांधावरून गायकवाड गुरुजी आले. भगवानरावांना बाराखडी शिकवणारे, आता निवृत्त.

"जय भीम, भगवान! काय नवीन केलंस रे?"

भगवानराव उठले. विचार करून नव्हे, वर्गात उठावं तसे. हात जोडलेले, "जय भीम गुरुजी", आणि खाली उतरणारा उजवा पाय सरळ पंख्यावर. कट्‌ आवाज झाला.

"बस, बस, उठू नको," गुरुजी म्हणाले, तोवर पातं मोडलं होतं.

कुणी हसलं नाही. भगवानरावांनी मोडकं पातं उचललं, पायाकडं पाहिलं, मग फिरणाऱ्या पंख्याची कल्पना करत असावेत तसे बराच वेळ उभे राहिले.

जेवायला बाजरीची भाकरी, वांगं आणि ठेचा होता. यंत्राचा विषय निघाला नाही. निघताना सुनंदा दारात कुजबुजली, "गुरुजींना मीच फोन केला होता. म्हणलं, बघायला या."

"अगं, ही परीक्षा बरोबर झाली का?"

"तुझ्या तोंडून नाय निघालं नसतं, दादा. मला माहीत हाय."

बसमध्ये दोन तास मी याचं उत्तर शोधत होतो. पंखे आठ असोत की अठरा, बॅटरी सहा मिनिटं पुरो की साठ, ही यंत्रं सुधारत जातील, अगदी कागदपत्रंही मिळतील. पण खुर्चीत बसणारा माणूस आमच्याकडचाच असेल, आणि त्याला ओळखीचे लोक असतील. हे मला तपासणीत सुचायला हवं होतं. मी बोल्ट हलवत बसलो.

मंगळवारी संध्याकाळी भगवानरावांचा फोन आला. त्यांनी खुर्ची काढून टाकली होती. खोलगट शेतातलं आलं वर रस्त्याला आणायला यंत्र बरं पडेल म्हणाले. मग विचारलं,

"दादा, खरं सांगा. गुरुजी आले नसते, तर व्हय म्हणला असतात का?"

घरात कुणी नव्हतं. सुनंदाही शेजारी उभी नव्हती. आता उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"नाही म्हणालो असतो," मी म्हणालो. "पहिल्यापासून नाहीच होतं."



"मग मला एवढ्या उन्हात कशाला बसवलं?"

ते हसले, पण जरा उशिरा. मी हसलो नाही.