ताईनं न मारलेला सूर

माझ्या बहिणीला अख्ख्या आपटा गावानं एकदा भित्री म्हटलं. कारण मी.

वंदनाताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आज तिला जाऊन वर्ष झालं.

माझं शिक्षण नववी. मोटार, पंप, वायरिंग, सगळं स्वतः शिकलो. तळोज्यात माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. गुरू कोणी नाही.

फक्त पोहणं ताईनं शिकवलं. आणि सूर.

उडी वेगळी, सूर वेगळा. लोक घोळ करतात. उडीत पाय आधी जातात, सुरात डोकं.

सुट्टीत आम्ही पनवेलहून आपट्याला मामाकडे जायचो. ती सोळाची, मी तेराचा. ताई पुलाच्या कठड्यावरून पाताळगंगेत सूर मारायची, आणि गावातली पोरं बघत राहायची.

तिच्या पाठोपाठ मी. विचार वगैरे नाही. ताई गेली म्हणजे जायचं.

तिनं मामाची विडी चोरून ओढली, मीही ओढली. तिनं सायकलवरून चालत्या ट्रकची साखळी धरली, मीही धरली.

आई म्हणायची, "हिला आवरलं की तो आपोआप आवरतो. पण हिला आवरणार कोण?"

एक नियम मात्र ताई कधी मोडायची नाही. आधी खाली उतरायचं, पायानं तळ चाचपायचा, मगच पुलावर चढायचं. खोपोलीच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी भरते, नाही सुटलं की उतरते. वरून बघून ते कळत नाही.

त्या दिवशी पाणी उतरलेलं. जेमतेम तिच्या छातीपर्यंत. ती स्वतः बघून आली होती.

तरी कठड्यावर चढली. कारण मामाच्या शेजारचा पोरगा बोलला होता, "आज नाय जमायचं गो तुला."

तिला जमलं असतं. ती एकदम सपाट सूर मारायची. हे मी आजही छातीठोक सांगतो.

तिनं मागं बघितलं.

मी शर्ट काढून एक पाय कठड्यावर ठेवलेला.

ती उतरली.

"भ्याली रं, भ्याली," पोरांनी गोंधळ घातला.

"हो, भ्याले," ताई म्हणाली. "तू शर्ट घाल रे."

घरी जाताना मी फुगलो होतो. "का नाही मारलास? इज्जत गेली ना आपली."

"मला सपाट मारता येतो. तुला येत नाही. मी मारल्यावर तू थांबला असतास?"

नसतो थांबलो.

ताईचा ओंकार आता एकोणीसचा. बाईकचा स्पीड विचारू नका. उरण रोडला हा पुढं, मागं धाकटी तन्वी मोबाईलवर व्हिडिओ काढत.

तन्वी पंधराची. गेल्या महिन्यात कळलं, दुपारी दादा झोपला की चावी उचलून ही एकटीच बाईक फिरवते. लायसन्स नाही, हेल्मेट नाही.

भाऊजी तिला खूप ओरडले. मी म्हटलं, भाऊजी, चुकीच्या पोराला ओरडताय.

ओंकारला वर्कशॉपवर बोलावलं. पुलावरची गोष्ट सांगितली.

"मम्मी भ्याली?" त्याला पटेना.

"भ्याली नाही. तिनं मागं बघितलं."

"बघू, मामा," एवढंच म्हणून गेला.

आज सकाळी तन्वीचा फोन.

"मामा, तू दादाला काय सांगितलंस? रिक्षावाले ओव्हरटेक करतात आम्हाला. क्लास येईपर्यंत झोप लागते."

"आणि चावी?"

"देत नाही. म्हणतो, अठराची हो, मीच शिकवतो. तोवर हेल्मेट घाल आणि मागं बस."

ताई, तक्रार तुझ्यापर्यंत पोचवतो आहे.

तू पुढं गेलीस. या वेळी मी लगेच पाठोपाठ येत नाही, इथं दोघांवर लक्ष ठेवायचंय.

तिकडं पाणी किती आहे, तेवढं उतरून बघून ठेव.

तुझ्या धाकट्याचा नमस्कार.