गुत्त्याचं कव्हर

सगळ्या बाया एकदम उभ्या राहिल्या, तेव्हा मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोटावर झोपलो होतो. लेन्समधून फक्त सुनीता दिसत होती, म्हणून बाकीच्यांनी काम थांबवलंय हे मला उशिरा कळलं.

"भाऊ, तिचाच काऊन काढून राह्यले?" रुखमाबाईंनी विचारलं.

रुखमाबाई या रोवणीच्या टोळीच्या म्होरक्या. मूल आणि पोंभुर्णा या दोन तालुक्यांच्या मधल्या या गावात धानाची रोवणी गुत्त्याने होते. म्हणजे अख्ख्या बांधीचं, पाणी अडवलेल्या शेताच्या तुकड्याचं, काम टोळीने मिळून अंगावर घ्यायचं आणि मजुरी सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. कोणी किती रोवलं हे कोणी विचारत नाही. हे मला ठाऊक होतं. फोटोलाही तोच नियम लागतो, हे ठाऊक नव्हतं.

"मासिकाच्या कव्हरवर एकच चेहरा लागते, बाई," मी उठत म्हटलं.

"मंग तुमच्या कव्हरले सांगा, बांधी सगळ्यायनं घेतली हाये. काढाचा तं सगळ्यायचा काढा. नाई तं कोनाचाच नाई."

सुनीताने लगेच पदर तोंडावर ओढला. माझं कव्हर तिथेच संपलं.

मूलमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं आणि पासपोर्ट साइज. पुण्याच्या एका मासिकाचा तांदूळ विशेषांक निघणार होता. त्यांच्या आर्ट डायरेक्टर देवयानी मॅडम. अंकात कोणता फोटो कुठे आणि केवढा लागेल, हे त्या ठरवतात. त्यांनी माझे काही फोटो पाहून कव्हरचं काम दिलं होतं. मासिकासाठी पहिलंच. मेलमध्ये लिहिलं होतं, 'मातीशी असलेलं आदिम नातं, श्रमाचं सौंदर्य आणि फ्रेश चेहरा.' सकाळपासून चिखलात वाकलेल्या माणसाचा चेहरा फ्रेश कसा असेल, हे लिहिलं नव्हतं.

बाकी अटी साध्या होत्या. मासिकाचं नाव छापायला वर मोकळी जागा सोडायची आणि कोणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. लग्नाच्या फोटोग्राफरचं शिक्षण बरोबर याच्या उलट झालेलं असतं. फ्रेम काठोकाठ भरायची आणि आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना कॅमेऱ्याकडे बघायला लावायचं. मी पाठवलेल्या पहिल्या फोटोंवर मॅडमचा फोन आला होता.

"या बाया मुलीकडच्या पाहुण्यांसारख्या का उभ्या आहेत?"

मग त्या दिवशी सकाळी पुन्हा. "संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही तर स्टॉक फोटो घेते." स्टॉक फोटो म्हणजे कुणीतरी आधीच काढून विकायला ठेवलेला फोटो. "एक सापडलाय. व्हिएतनामचा आहे, पण भात आहे."

आमच्या भागातली रोवणी उरकली होती. उरली होती ती गुलाबभाऊंची ही शेवटची बांधी, तीही अर्धीच. गुलाबभाऊ छत्री घेऊन धुऱ्यावरून आले.

"फोटोग्राफर, तुमच्यापायी माये पऱ्हे सुकून राह्यले."

पऱ्हे म्हणजे उपटून आणलेली धानाची रोपं. ती लगेच चिखलात जावी लागतात. मी हात जोडले आणि टोळीला म्हटलं, तुम्ही कामाला लागा, मी पुण्याला विचारतो.

"विचारा. अन् आमच्याकडून नमस्कार सांगा," रुखमाबाई म्हणाल्या. बाया हसत पुन्हा वाकल्या.

मॅडमने फोन लगेच उचलला.

"एकटीचा फोटो जमत नाही, मॅडम. सगळ्या आल्या तरच येतील."

"किती आहेत?"

"चौदा."

"हे कव्हर आहे. ग्रुप फोटो नाही."

"मागचं पान घेतलं तर? पुढचं आणि मागचं मिळून एकच आडवा फोटो."

अंकाचं कव्हर हा मध्ये घडी घातलेला एकच कागद असतो. हे मला लग्नाच्या पत्रिकांमुळे माहीत होतं.

"मागे खताची जाहिरात आहे," मॅडम म्हणाल्या. फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पाठवून बघ. घडी कुणाच्या नाकावरून गेली तर तुझा फोटो बाद."

आता प्रश्न चेहऱ्यांचा होता. रोवणी करताना बाया मागे मागे सरकतात. समोर उभं राहिलं की डोक्याचे पदर दिसतात, मागे उभं राहिलं की जे दिसतं ते छापता येत नाही. तासभर बघत राहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मागचा धुरा पायाला लागला की सगळ्या एकदम कंबर सरळ करतात. तेवढाच क्षण चौदा चेहरे वर असतात. मी समोरच्या धुऱ्यावर ट्रायपॉड रोवला, वर भरपूर आभाळ सोडलं आणि बसून राहिलो. खाली चिखलही भरपूर येत होता. तो कसा टाळायचा, ते सुचलं नाही.

पऱ्ह्यांची शेवटची पेंढी लागली. बाया सरळ झाल्या. सवयीने माझ्या तोंडात 'इकडे पाहा' आलं होतं, ते मी गिळलं. तेवढ्यात गुलाबभाऊ काम बघायला टोळीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. रोवणी संपली की मालकाला चिखल लावायचा आणि त्याच्याकडून जेवण कबूल करून घ्यायचं, ही इथली रीत. हे गुलाबभाऊंना माहीत होतं. फक्त छत्रीच्या भरवशावर राहिले.

रुखमाबाई रांगेतून तिरप्या पुढे, गुलाबभाऊंच्या बाजूला सरकल्या आणि हात उंच करून त्यांनी चिखलाचा गोळा मारला. छत्रीचा उपयोग झाला नाही.

"बाई, कपडे नवे हायेत माये," गुलाबभाऊ म्हणत होते.

"मंग जेवणबी नवंच द्या. कोंबड्याचं," पाठीमागून कोणीतरी म्हटलं.

चौदाही जणी एकाच बाजूला बघून हसत होत्या. कॅमेऱ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. मी बटण दाबून ठेवलं.

मॅडमचा फोन रात्री आला. रुखमाबाई पुढे सरकल्यामुळे रांगेत फट पडली होती, घडी नेमकी तिथे बसत होती. पुढच्या पानावर हात उगारलेल्या रुखमाबाई सगळ्यांत मोठ्या दिसत होत्या, त्यामुळे 'एक चेहरा'ही झाला. वर आभाळात मासिकाचं नाव गेलं. खतवाल्यांना मॅडमने मागच्या पानावरच्या चिखलात बसवलं.

"खाली जागा सोडलीस ते बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. मी ठरवून सोडल्यासारखा "हो" म्हणालो.

अंक आला तो घेऊन मी गावात गेलो. टोळीने आपापले चेहरे मोजून घेतले. मग अंक गुलाबभाऊंकडे गेला. त्यांनी पुढे बघितलं, मागे बघितलं, कव्हर पूर्ण उलगडून बघितलं.

"शेत मायं, चिखल माया, हासून राह्यल्या त्या माह्यावर," ते म्हणाले. "अन् मी कुठी आहो?"

"फ्रेमच्या बाहेर, भाऊ."

"अन् हे खतवाले माह्या बांधीत काऊन? मी तं यायचं खत घेतच नाई."

अंक एकच होता. तो आता टोळीत आळीपाळीने घरोघर राहतो. आतला लेख अजून कोणी वाचलेला नाही. मला मासिकांची कामं येतात. एकच चेहरा हवा, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारून घेतो, मागच्या पानावर कोण आहे.