सूनबाईची उलट उत्तरं

माझ्या सुनेला भांडायला मी शिकवलं. हसताय काय? सगळ्या सासवा सुनेचं तोंड बंद कसं होईल ते बघतात, आणि मी समुद्र ओलांडून तिचं तोंड उघडायला गेले होते.

उर्वी ब्रिस्बेनला घरांच्या किमती ठरवते. एजंट नाही हं! आमच्या डोंबिवलीत सगळ्यांना ती एजंटच वाटते, मग मला चिडून सांगावं लागतं. एजंटाला घर विकायचं असतं, हिला काहीच विकायचं नसतं. बँक कर्ज देण्याआधी हिला पाठवते. ही घर मोजते, भिंती बघते, छत बघते, आसपास नुकतीच विकली गेलेली तसलीच घरं शोधते, आणि त्यांच्याशी ताडून किंमत लिहून खाली सही करते. तिकडे याला व्हॅल्युअर म्हणतात. ती सही करायची तर तिकडच्या क्वीन्सलंड राज्यात लायसन्स लागतं, आणि ते मिळवताना आमच्या घरात जे रामायण झालं ते सांगते.

उर्वी आणि माझा मुलगा नचिकेत तिकडे गेले दोन हजार सहाला. ती स्टुडंट व्हिसावर आणि हा बायकोच्या व्हिसावर. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा, तुमचीच नाकं आहेत. त्या वर्षांत तिकडे आपल्या पोरापोरींची नुसती रीघ लागली होती. कोणी अकाउंटिंगला, कोणी कुकरीला, कोणी केस कापायला शिकायला. हिने मात्र घरांच्या किमती ठरवायची डिग्री निवडली. मी फोनवर विचारलं, "अगं, हे कसलं शिक्षण?" तर म्हणाली, "आई, मला घरं बघायला आवडतात."

आवडणारच. तिचे वडील पाटबंधारे खात्यात. कराड, फलटण, दौंड, परत फलटण. दर बदलीला नवं भाड्याचं घर. भिंतीला ओल कुठून येते, दुपारी कुठली खोली तापते, हे पोरीला शाळेत असल्यापासून कळायचं. पण तिच्या आईने तिला आणखी एक शिकवलं होतं. घरमालकापुढे बोलायचं नाही. तो म्हणेल त्याला हो म्हणायचं, नाहीतर बिऱ्हाड उचलावं लागेल. पोरगी ते इतकं मनापासून शिकली की साऱ्या जगालाच घरमालक समजून बसली.

लग्न झाल्यापासून मी तिच्या तोंडून 'हो आई' सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. चहा घेतेस? हो आई. की नको? हो आई. आणि मी कोण, तर पोस्टाच्या काउंटरवर सगळी नोकरी काढलेली ही शोभा. भांडायला कोणी नसलं तर मला जेवण जात नाही.

नात झाली म्हणून दोन हजार आठच्या शेवटी मी गेले. मधुवंती तिचं नाव, आम्ही मधूच म्हणतो. स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये भाड्याचं घर होतं. सगळी वसाहतच नवीकोरी, मधे तळं. भाड्याला हातभार म्हणून एक खोली बीट्रिसला दिलेली. बीट्रिस वसईची, कुकरीची स्टुडंट, आवाज असा की तळ्यावरची बदकं उडावीत. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

उर्वीची डिग्री झाली होती आणि ती वेंडी नावाच्या बाईच्या ऑफिसात हाताखाली काम शिकत होती. कामाला चोख. पण स्वभाव? अहो, गोऱ्यांच्या दारातसुद्धा ही बूट काढून आत जायची. एकदा ही मागच्या अंगणात अनवाणी मोजमाप घेतेय, आणि त्यांचं कुत्रं हिचा बूट तोंडात धरून पुढे पळतंय. मालक "नो वरीज, नो वरीज" म्हणत हसतोय, आणि ही कुत्र्याला सॉरी म्हणतेय! तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसू की डोकं आपटू, मला कळेना.

मार्चमध्ये तिची लायसन्सची तोंडी परीक्षा झाली. समोर तीन परीक्षक. आपण काढलेली किंमत त्यांना समजावून सांगायची. नापास होऊन आली.

"येत नव्हतं का?" मी विचारलं.

नचिकेत म्हणाला, "आई, हिचा आकडा बरोबर होता. वेंडीने चौकशी केली. त्यातला एक माणूस म्हणाला, मला ही किंमत कमी वाटते. तर ही म्हणाली, तुमचंच बरोबर असेल, सर."

"अगं, बरोबर होतीस ना? मग मान कशाला डोलावलीस?"

"ते मोठे होते, आई."

आता काय बोलायचं! मे महिन्यात आणखी एक संधी होती. वेंडीने स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी जमलं नाही तर मला सही करणारं दुसरं माणूस घ्यावं लागेल. मी विचार केला, पोरीला तान्ह्या मुलीपायी अभ्यासाला उसंत मिळत नसेल. म्हटलं, "जूनमध्ये मी परत जाते तेव्हा मधूला घेऊन जाते डोंबिवलीला. राहील वर्षभर. तुम्ही इथे बस्तान बसवा." तेव्हा बऱ्याच जणी मुलं अशीच आजीकडे पाठवायच्या. आणि मलाही हवीच होती की ती. नचिकेतचे बाबा गेल्यापासून घर मला खायला उठायचं.

उर्वी मधूला भरवत होती. चमचा हातातच राहिला. मग म्हणाली, "हो आई."

झालं. मी दोघींची तिकिटं काढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं, "आजपासून या घरात 'हो आई' बंद. मी जे बोलेन ते खोडून काढायचं. कारण देऊन."

"हो आई," उर्वी म्हणाली.

"बघ!"

पहिले दिवस काही विचारू नका. मी म्हणायचे, "आमटीत मीठ जास्त झालंय." ती म्हणायची, "हो... म्हणजे नाही. सॉरी." मी म्हणायचे, "सॉरी कोणाला? आमटीला?" बीट्रिस तिकडून ओरडायची, "उर्वी, दे की आंटीला एक ठेवून! मी असते ना तर आतापर्यंत दहा दिल्या असत्या." तिला मी लाटणं दाखवलं.

पण हळूहळू रंग चढला. एके रात्री जेवताना मी परत मिठाचा विषय काढला. उर्वीने चमचा खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाली, "आई, कालची आमटी, परवाची आमटी आणि शनिवारी नचिकेतच्या मित्राकडे, चारुदत्तकडे खाल्लेली आमटी, या तिन्हींशी ताडून बघितलं. आजचं मीठ बरोबर आहे. तुम्ही तोंडात लोणचं धरून चव घेताय."

नचिकेतला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. आणि लोणचं खरंच होतं हो माझ्या तोंडात! मी वरवर डोळे वटारले, पण आतून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

मग आर्व्होला आम्ही मधूची गाडी घेऊन तळ्याभोवती फिरायला निघायचो. तिकडे दुपारी उशिराला आर्व्हो म्हणतात, मीही म्हणायला लागले. मी एकेका घराकडे बोट दाखवायचे. "हे भारी असणार. समोर तळं आहे."

"तळं आहे, पण घराचं तोंड पश्चिमेला आहे. आता या वेळी बैठकीत बसवणार नाही."

"पडदे लावतील!"

"पडदे लावले तर तळं दिसणार नाही, आई. मग तळ्याचे पैसे कोण देणार?"

मी काउंटरवर शिकलेली सगळी अस्त्रं काढायचे. मोठा आवाज, मधेच तोडणं, "तुला काय कळतंय" म्हणणं. ती आधी गोरीमोरी व्हायची, मग थांबायची, आणि परत तिथूनच बोलायला लागायची जिथे मी तोडलं होतं. रविवारी जेवणाच्या टेबलाशी परीक्षाच घ्यायचो. मी, नचिकेत आणि बीट्रिस, तीन परीक्षक. बीट्रिस शेफचा पांढरा कोट घालून बसायची आणि गोऱ्यासारखं नाकात बोलायची, "लुक मेट, आय डोन्ट ॲग्री." नचिकेत हसायचा म्हणून त्याला आम्ही दोनदा बाहेर काढलं.

तिकिटांचा विषय मात्र कोणी काढला नाही. ठरलेली गोष्ट होती. मी मधूची बॅग भरायला घेतली होती. छोटी छोटी झबली उर्वीच घड्या घालून आणून द्यायची, आणि द्यायची तीही एकेक करून.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघी ट्रेनने सिटीत गेलो. ती आत गेली, मी आणि मधू समोरच्या बागेत. तिकडे बागेत लांब वाकड्या चोचीचे पांढरे पक्षी फिरतात, भलते निर्लज्ज. एक माझ्या सँडविचवर डोळा ठेवून बाकाच्या टोकाशी उभा. मी त्याला हाकलतेय, मधूला खेळवतेय आणि गणपतीला सांगतेय, बाबा रे, आज हिची जीभ सोडव.

बऱ्याच वेळाने उर्वी आली. चेहऱ्यावर काही दिसेना.

"अगं, बोल की! जीव जातोय माझा!"

"थांबा आई. जरा श्वास घेऊ दे मला."

बघा, मला थांबा म्हणाली! बसली, पाणी प्यायली, मग सांगायला लागली. एका घराच्या गॅरेजमध्ये मालकाने लाकडी भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या आणि स्टुडंट ठेवले होते. उर्वीने त्या खोल्या किमतीत धरल्या नव्हत्या. एका परीक्षकाने तेच पकडलं. एवढं भाडं येतंय, स्टुडंटांची रांग लागलीय, आणि तुम्ही हे गॅरेजच धरता?

"मी म्हटलं, हो, गॅरेजच. त्या खोल्यांना काउन्सिलची परवानगी नाही. उद्या काढायला लावल्या तर बँकेच्या हातात गॅरेजच राहणार. तो म्हणाला, बाजार तसं म्हणत नाही. मी त्याच भागातली विकली गेलेली तीन घरं सांगितली. तो मधेच बोलला. मी थांबले आणि परत तिथूनच सुरू केलं. त्याने आवाज चढवला, आई. आणि मला हसूच आलं. मनात म्हटलं, हा काय आवाज झाला?"

"मग?"

"मग म्हणाला, फेअर इनफ. कागद नंतर येईल, पण पास आहे मी."

मी तिला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. भर बागेत रडले. माझ्या पोटच्या पोराच्या पदवीला रडले नव्हते.

उर्वीने चष्मा सरळ केला. माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, आणखी एक बोलायचंय. मधू डोंबिवलीला येणार नाही."

मला वाटलं, सवयीने बोलतेय. "अगं, परीक्षा संपली. आता कशाला खोडतेस?"

"खरंच सांगतेय."

"तूच हो म्हणाली होतीस!"

"तेव्हा मला नाही म्हणता येत नव्हतं."

माझे कान तापले. खोटं कशाला बोलू, राग आला. डोंबिवलीच्या घरात मी तिचा पाळणा कुठे बांधायचा तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. मी परत पोस्टाच्या काउंटरवरची शोभा झाले. "तुम्ही दोघं कामावर, पोरीला बघणार कोण?"

"पाळणाघर बघून ठेवलंय. बीट्रिसलाही दाखवलं, तिने तिथलं स्वयंपाकघर तपासलं. दोन दिवस वेंडी मला घरून रिपोर्ट लिहू देणार आहे."

"सारखी आजारी पडेल पाळणाघरात."

"पडेल. पण माझ्याजवळ पडेल."

मी खोट शोधत होते, सापडेना. शेवटी जे खरं होतं तेच बाहेर आलं. "आणि मी? एवढी आजी म्हणून बसलेय, माझी किंमत काहीच नाही का लावलीस?"

इथे मात्र ती अडली. डोळे भरले तिचे. मला वाटलं, आता परत 'हो आई' म्हणणार, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते नको होतं. 'बोल,' मी मनात म्हणत होते, 'बोल गं पोरी, सोडू नकोस.'

"तुमच्याशी ताडून बघायला माझ्याकडे दुसरं काही नाही, आई," ती म्हणाली. "म्हणून सांगते, तुम्हीही जाऊ नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही."

"मी कधी जायचं ते तू ठरवणार?"

"हो. मी ठरवणार."

"असं बोलायला शिकवलं कोणी तुला?"

उर्वीने माझ्याकडेच बोट दाखवलं. मग आम्ही दोघी अशा हसलो, अशा हसलो की मधू दचकून रडायला लागली, आणि तेवढ्यात तो मेला पक्षी माझं सँडविच घेऊन पळाला.

तिकीट पुढे ढकललं, व्हिसा वाढवून घेतला. दिवाळीपर्यंत राहिले, आणि एक दिवस भांडल्याशिवाय गेला नाही.