बेपत्ता बायकोचं वर्णन

सकाळचे साडेसहा. दीव बेट, जुन्या बंदराजवळचं पोर्तुगीज वळणाचं घर. मालकीणबाई वरची खोली नाश्त्यासकट भाड्याने देत. मी जागा झालो तेव्हा शेजारची खाट रिकामी होती आणि खोलीचं दार सताड उघडं.

हसू नका! आमची गुडगावची नवी वसाहत तुम्ही पाहिलेली नाही. परदेशी कंपनीची कचेरी एक आली की घराघराला जाळी एक वाढते. जाळीचं दार, लाकडी दार, वर साखळी, तरी मी कडी दोनदा तपासतो. वीस वर्षं दिल्लीत गुन्ह्यांच्या बातम्या लिहितोय. उघडं दार दिसलं की पुढची बातमी मला पाठ असते.

"सुमन!" ओरडत जिना उतरलो. खालचंही दार उघडं! घरात चिटपाखरू नाही. मालकीणबाईसुद्धा गायब. तसाच, बनियनवर, पोलीस चौकीत धावलो.

हवालदार चहा पीत होता.

"मेरी बीवी को कोई उठा ले गया!"

"टापू है साहब. उठाके ले जाएगा कहाँ?"

"मैं प्रेस से हूँ! अभी के अभी लिखिए!"

बिचाऱ्याने कागद ओढला. "साडी का रंग?"

"...हलका."

"चेहरा?"

"गोल. मतलब... लंबा भी नहीं."

"कोई निशान?"

"नहीं!"

पोलिसांच्या अर्धवट पंचनाम्यांवर मी आजवर रकानेच्या रकाने झाडलेत हो! सही मात्र न वाचताच ठोकली. आता ही दिसणारच नाही, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात दारात सुमन! मागे मालकीणबाई, हातात पापलेटांची पिशवी.

"पूरा बाज़ार बोला, आपका साहब बनियन में दौड़ता है," मालकीणबाई म्हणाल्या.

"अहो, धक्क्यावर मासे घ्यायला गेलो होतो," सुमन म्हणाली. "तुम्ही घोरत होतात. आणि दार इथे कुणीच लावत नाही म्हणे."

हवालदाराने कागद तिच्यापुढे सरकवला. नको तेवढ्या सावकाश वाचला तिने.

"खूण नाही?"

तिच्या हनुवटीवर चार टाके आहेत. वसाहतीतल्या उघड्या गटारात आमची स्कूटर गेली होती, तेव्हाचे. त्या गटारावर मी तीन बातम्या छापून आणल्या. बिल्डरला झोडपलं, सरकारला झोडपलं.

स्कूटर कोण चालवत होतं, ते अजून एकाही बातमीत आलेलं नाही.