झुंबरबाईचं धनुष्य

तिसगावात सुतारांची दोनच घरं होती. वरच्या आळीला सूर्यभानचं, आणि खाली बाजारतळाला लागून त्याच्या थोरल्या चुलतभावाचं, सहादेवचं. झुंबरबाई ही सहादेवची बायको. सोनईच्या सुताराची लेक. लग्न होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि आल्याआल्या तिने नवऱ्याला विचारलं होतं म्हणतात, की तुमच्या लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा इतका ढिला का? सहादेव हसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप दांडा बदलला.

हत्याराला मात्र तिने कधी हात लावला नाही. तशी रीतच नव्हती. बाईमाणसाने भुसा झाडायचा, सरस शिजवायचा, मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायचं. वीस वर्षं ती तेवढंच करत आली. पण डोळ्यांना काही कुणी रीत लावली नव्हती. कुठल्या लाकडाची शीर, म्हणजे आतला धागा, कशी जाते, रंधा कुठे अडतो, हे सगळं तिने बघून बघून पोटात साठवलं होतं.

पंचेचाळीस सालच्या सुगीत एका गाडीचं चाक बसवताना खालचा टेकू निसटला आणि सहादेवचा उजवा हात आसाखाली सापडला. हाडवैद्याने महिनाभर बांधून ठेवला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. पाण्याचा तांब्या कसाबसा धरता येई, वाकस धरता येईना.

सुतारकाम बलुत्यावर चालायचं. वर्षभर शेतकऱ्यांची नांगर-कुळवाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. गावाने एक साल सांभाळून घेतलं. मग एक दिवस सूर्यभान आला. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर टेकून, खाली बघतच तो म्हणाला, "दादा, तुझी बलुत्याची घरं मी चालवतो. वाट्याचं दानं तुझ्या घरात येत जाईल. हत्यारं तेवढी माझ्याकडं दे, गंजून जायची."

 सहादेव म्हणाला, "पाडव्यापातुर थांब." नव्या सालाचं कोण कुणाचं काम करणार, ते गावात गुढीपाडव्यालाच ठरायचं.

विष्णुपंत गुरुजी आले ते त्या पाडव्याच्या आधीच्या दिवाळीला. तालुक्याच्या शाळेत ते संस्कृत शिकवत आणि पोरांकडून दंड-बैठका काढून घेत. पन्नाशीचे, काटक गृहस्थ. त्यांनी पिशवीतून दगडी पाटी काढली. तिच्यावर खडूने एक धनुष्य काढलेलं होतं. साधं वाकडं नव्हे. दोन्ही टोकं पुन्हा पुढच्या बाजूला वळलेली, ओठ मुडपल्यासारखी.

"तरुणपणी बडोद्याला एका तालमीत मी असलं ओढलेलं आहे," ते म्हणाले. "दोरी ओढली की ही टोकंही जोर लावतात. मला नाटकातलं नकोय सहादेव. बाण साठ पावलं गेला पाहिजे, आणि सरळ गेला पाहिजे. शाळेच्या पोरांना शिकवायचंय."

सहादेवने हात पुढे केला. "गुरुजी, ह्यो हात बघा. तुमी वरच्या आळीला जावा."

"जाऊन आलो. सूर्यभान म्हणाला, असल्या खेळण्याला वेळ नाही."

झुंबरबाई चुलीपासून उठून दाराशी आली. तिने पाटी हातात घेतली, आडवी धरली, उभी धरली. मग म्हणाली, "गुरुजी, पाटी ऱ्हाऊ द्या हितंच. आमी बघतो."

विष्णुपंत गेल्यावर सहादेव म्हणाला, "आमी म्हंजी कोन? करनार कोन ते?"

"तुमचं डोळं तर न्हाईत ना चिरडलं?" ती म्हणाली. "तुमी बघा. मी तासते."

सहादेवला राग आला की हसू, ते तिला कळलं नाही. तो उठला, कोपऱ्यातली हत्यारांची पेटी पायाने तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "दार लावून घे."

पहिलं धनुष्य त्यांनी जुन्या चौकटीच्या सागवानाचं केलं. तिसऱ्यांदा ओढलं आणि ते काडकन मोडलं. एक ढलपी उडून झुंबरबाईच्या भुवईत घुसली. तिने हळद दाबली आणि तशीच तुकडा घेऊन नवऱ्यापुढे बसली. सहादेवने तो उजेडात फिरवला. "हितं शीर आडवी गेलीया. करवतीनं कापलं, तिथंच चुकलं. असल्या कामाला लाकूड फाडायचं असतं. फाडलं की ते आपल्या शिरेनंच जातं."

दुसरं बाभळीचं, पाचरी मारून फाडलेलं. ते मोडलं नाही, पण एकदा वाकल्यावर सरळच होईना. दोरी सोडली तरी कुबड काढून बसलेलं.

"ह्याला वाकायचं कळतंय," सहादेव म्हणाला, "उठायचं न्हाई कळत." तरी तिने ते भिंतीवर टांगून ठेवलं.

दार लावून घेतलं तरी वाकसाचा आवाज लपत नाही. सूर्यभानची बायको बनुबाई विरजण मागायला आली, तेव्हा तिला जावेच्या केसांत लाकडाचा कीस दिसला. चार दिवसांत गावभर झालं. सूर्यभान पुन्हा आला. या वेळी तो ओट्यावर टेकला नाही.

"वैनी, रीत मोडू नगा. गाव हसतंय आपल्या घरान्याला."

झुंबरबाईने मान खाली घातली. खरं सांगायचं तर तिलाही आतून भीती वाटत होती. उत्तर सहादेवने दिलं. "पाडव्याला अजून दोन म्हैने हायेत, सूर्यभान."

त्याच आठवड्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातला गोरक्षनाथ नावाचा गाडीवान कातडी कमवायचा हिरडा घेऊन शेवगावच्या चर्मकारांकडे निघाला होता. बाजारतळापाशी त्याच्या चाकाचा आरा तुटला. सूर्यभान लग्नाला परगावी गेलेला. गाडीवान सहादेवच्या दारात आला. सहादेवने बायकोकडे बघितलं. तिने पदर खोचला आणि दिवस कलायच्या आत नवा आरा घालून दिला. बाईने घातला की बाप्याने, याच्याशी गोरक्षनाथला देणंघेणं नव्हतं. त्याला वाट धरायची होती. पण निघता निघता त्याची नजर भिंतीवर गेली.

"बाभळीचं धनुष्य?" तो म्हणाला. "बाई, बाभूळ जोखडाला घ्यावी. धनुष्याला धामणाचं लाकूड लागतं. आमच्या डोंगरातली ठाकर मानसं दुसऱ्या लाकडाला हातच लावीत न्हाईत."

"हिकडं कुठलं धामण?" सहादेव म्हणाला.

गोरक्षनाथने गाडीतून एक दांडी ओढून काढली. बोजाचे दोर पिळून आवळायला तो ती वापरायचा. झुंबरबाईपेक्षा वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, चार उन्हाळे वाळलेली. "आऱ्याची मजुरी म्हनून ही घ्या. मला घरी दुसरी हाय."

झुंबरबाईने दांडीचं एक टोक उंबऱ्यावर टेकवून मध्ये गुडघ्याने रेटलं. दांडी वाकली, आणि सोडल्याबरोबर तिच्या हाताला हिसडा देऊन सरळ झाली. त्या दिवशी ती जेवताना दोनदा उठून दांडी बघून आली.

या वेळी दोघांनी घाई केली नाही. दांडी फाडली, बाहेरच्या अंगाची शीर कुठेही तोडली नाही आणि फक्त आतून, पोटाकडून तासत आणली. टोकं वळवायला तिने हंड्यात पाणी उकळत ठेवलं, वर गोणपाट गुंडाळून टोक वाफेवर धरलं. भाकरी-कालवण होऊन जेवणं आटोपली तरी सहादेव म्हणे, अजून थांब. मग कडुनिंबाच्या कोरलेल्या ठोकळ्यावर टोक दाबून दोघांनी दोरीने आवळलं. तिचे दोन हात, त्याचा एक. दोन दिवसांनी सोडलं तर टोक वळलेलं राहिलं होतं. दुसऱ्या टोकाला बारीक चीर गेली. तिच्यात सरस भरून तिने वर दोरा घट्ट गुंडाळला.

खरं काम पुढेच होतं. विहिरीवरची कप्पी काढून त्यांनी भिंतीच्या बुडाशी ठोकली. वर खुंटीवर धनुष्य आडवं अडकवलं. त्याला अंबाडीच्या वाखाची दोरी चढवली आणि तिला बांधलेला दोर कप्पीतून घेऊन सहादेव समोर बसला. डाव्या हाताने दोर ओढायचा, धनुष्य वाकायचं, आणि तो डोळे बारीक करून बघायचा. दोन्ही अंगं सारखी वाकतात का? कुठे ताठर राहतं, कुठे गुडघ्यासारखं मोडतं?

"वरचं अंग झोपलंय अजून. मुठीपास्नं चार बोटं सोड, त्याच्याफुडं घास."

"किती?"

"भाकरीवरचं पीठ झाडावं इतकंच."

फुटक्या बाटलीच्या काचेने ती घासायची. मग तीसदा ओढायचं, म्हणजे लाकडाला सवय लागते. पुन्हा बघायचं, पुन्हा घासायचं. असे दहा-बारा दिवस गेले. एके सकाळी सहादेव म्हणाला, "खालच्या अंगाला मधी जाड हाय. तिथं काढ."

झुंबरबाईने तिथे अंगठा फिरवला आणि काच खाली ठेवली. "न्हाई काढायचं."

"मला दिसतंय ना."

"दिसतंय जाड. हाताला तसं न्हाई लागत. हितं गाठ हाय, म्हनून फुगलंय. काढलं तर हितंच मोडंल."

वीस वर्षांत कामाच्या बाबतीत तिने त्याला नाही म्हटलं नव्हतं. सहादेव उठला, डाव्या हाताचा अंगठा त्या जागेवरून एकदा पुढे, एकदा मागे नेला. डोळे मिटून तिसऱ्यांदा नेला. मग जागेवर जाऊन बसला. "व्हय," तो म्हणाला. "मग कुठं काढायचं ते तूच सांग."

त्या दिवसापासून तो बघायचा आणि आधी तिला विचारायचा.

पाडव्याच्या दोन दिवस आधी विष्णुपंत बाण घेऊन आले. गावाबाहेरच्या खळ्यावर साठ पावलांवर भुशाचं पोतं उभं केलं. निम्मं गाव जमलं होतं. सूर्यभानही हात मागे बांधून उभा होता. विष्णुपंतांनी गुडघ्याचा आधार देऊन दोरी चढवली, बोटाने छेडली. पहिला बाण पोत्याच्या अलीकडेच पडला. कुणीतरी खाकरलं. 

"धनुष्याची चूक नाही," विष्णुपंत म्हणाले. "तीस वर्षांनी ओढतोय मी." दुसरा बाण त्यांनी सावकाश सोडला. तो पोत्यात शिरला. तिसराही. मग त्यांनी धनुष्य तिच्यापुढे धरलं. "झुंबरबाई, आता तुम्ही."

ती मागे सरली. पण सहादेव म्हणाला, "घे की. तुझ्याइतकं कोनी वाकवलंय ते?"

तिने पदर खोचला आणि ओढलं. नेम काही नव्हताच. बाण पोत्यावरून लांब गेला आणि पलीकडे ज्वारीच्या धसकटांत पडला. विष्णुपंतांनी पावलं मोजली, ती नव्वद भरली. तिचं डावं मनगट दोरीच्या फटक्याने लाल झालं होतं, पण ते तिला घरी गेल्यावर कळलं.

सूर्यभान पुढे आला. धनुष्य घेऊन त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा लावून बघितलं, पाठीवरून नख फिरवलं. तोही सुतारच होता. "शीर कुठं तुटली न्हाई," तो सहादेवला म्हणाला. झुंबरबाईकडे त्याने बघितलं नाही. हत्यारांची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढली नाही.

पाडव्याला सगळी घरं काही सहादेवकडे राहिली नाहीत. निम्म्याहून जास्त सूर्यभानकडे गेली, आणि त्यातल्या काहींनी बाईच्या हातचा नांगर नको असं तोंडावर सांगितलं. पण नऊ घरं राहिली. विष्णुपंतांनी आणखी चार धनुष्यं सांगितली, आणि गोरक्षनाथने पुढच्या खेपेला धामणाच्या सहा दांड्या आणून टाकल्या. बनुबाई काही दिवस बोलत नव्हती. मग तिच्या पाटाचा पाय मोडला आणि ती मागच्या दाराने तो पाट घेऊन आली.

पेरणी तोंडावर आली तेव्हा श्रीमंत नावाचा शेतकरी खांद्यावर पेरायची पाभर घेऊन आला. हा सूर्यभानकडे गेलेल्यांपैकी. ओट्यावर पाभर टेकवून तो सहादेवला म्हणाला, "दादा, बी सारखं पडंना हिच्यातनं. बघता का जरा?"

सहादेव पान लावत होता. "मला काय इचारतो," तो म्हणाला, "आत हाय ती, तिला इचार."

श्रीमंत घुटमळला. मग आवाज देऊन म्हणाला, "वैनी, हाय का सवड?"

झुंबरबाई भुसा झटकत बाहेर आली. तिने पाभर उलटी केली, बी पडायच्या एका नळ्याला डोळा लावला. "अवो, ह्यो नळा कवा बदलला हुता? बसा. आत्ता करून देते."