सरांच्या वाक्यांतली बायको

वर्गातले लोक पाठीमागे त्यांना ‘हीशीसर’ म्हणायचे. दिवसभर हा माणूस वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचा आणि संध्याकाळी ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचा. आणि काहीही शिकवायला घेतलं तरी गाडी फिरून ‘ही’ आणि ‘शी’ वरच यायची.

“आय गो, यू गो, वी गो, दे गो. इथवर काही भानगड नाही,” सर खडू आपटत सांगायचे. “पण ‘ही’ आणि ‘शी’ म्हणजे जावई! ते आले की क्रियापदाला कपडे बदलून पुढे यावं लागतं. नुसतं गो चालत नाही. गोज! मेक नाही, मेक्स!”

“गोज! मेक्स!” वर्ग एका सुरात ओरडायचा. तसा नियमच होता. सरांनी वाक्य म्हटलं की सगळ्यांनी ते मोठ्यांदा परत म्हणायचं, मग अर्थ कळो न कळो. खालचा इस्त्रीवाला वैतागून छताला काठी मारायचा.

आता अडचण अशी, की ‘शी’ शिकवायची तर कोणीतरी ‘ती’ लागते. पुस्तकातली माणसं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. फार वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलं, “ती म्हणजे कोण, सर?” सरांच्या तोंडून निघून गेलं, “समजा, माझी बायको.” त्यातलं ‘समजा’ दुसऱ्याच दिवशी गळून पडलं. अहो, बायको कुठली! सरांचं लग्नच झालं नव्हतं. आईचं आजारपण काढता काढता वय निघून गेलं, मग आईही गेली, आणि घरात उरले एकटे सर.

पण वर्गात बायको काय छान नांदत होती! माय वाइफ मेक्स टी. शी लाफ्स लाउडली. शी हाइड्स माय ग्लासेस. कॉफीचं तिला वावडं, गुडघा दुखायचा, आणि सर घोरतात म्हणून ती रोज सकाळी कुरकुर करायची. पुढे एक मुलगाही झाला. तो लांब कुठेतरी नोकरीला होता आणि फोन करत नव्हता. बघा, मनातल्या मुलालासुद्धा सरांनी जवळ ठेवलं नाही. इतकं सुख त्यांना स्वतःलाच खरं वाटलं नसतं.

शिकणारे सरावासाठी विचारायचे, “सर, हाउ इज शी?” आणि सर म्हणायचे, “शी फील्स बेटर.” दिवसभरात सरांशी कोणी बोललंच तर ‘हे पुस्तक परत’ एवढंच. त्यामुळे हा एक प्रश्न ऐकायला ते रोज ओढीने जिने चढायचे. नवीन तुकडी आली की बायको पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तीन महिन्यांत लोक पांगायचे, थाप पचून जायची.

या खेपेची तुकडी मात्र हलायलाच तयार नव्हती. टॅक्सीवाला, दवाखान्यातली आया, कपडे आल्टर करून देणाऱ्या शिवणताई, सगळ्यांनी पुन्हा नाव घातलं. एवढ्या अवधीत बायको त्यांच्याही घरची होऊन गेली होती. आयाने गुडघ्यासाठी मलम आणून दिलं. ते सरांनी स्वतःच्याच गुडघ्याला लावलं, बरं वाटलं.

मग एके दिवशी टॅक्सीवाल्याने बॉम्ब टाकला. “सर, सोमवारी आपण सगळे मिळून बाहेर जेवू. वहिनींना घेऊन यायचं. मी गाडी आणतो दारात.”

सर हातावरचा खडू झटकू लागले. “तिचा गुडघा,” ते म्हणाले.

“चाकाची खुर्ची आणते ना मी,” आया म्हणाली.

“नाही, ती बहिणीकडे जायची आहे.”

“बहीण कुठे असते? जाता जाता उचलू!”

शिवणताई हसून म्हणाल्या, “सर, लपवून काय ठेवलंय त्यांना? आम्ही नाही पळवत.” सगळे हसले. सरही हसले, पण कानशिलं तापली होती.

शनिवार-रविवार सरांनी खोलीत येरझारा घातल्या. खरं सांगावं तर हे लोक आपल्याला खोटारडा म्हणतील, उद्यापासून ‘हाउ इज शी’ विचारायला कोण येणार? न सांगावं तर बायको आणायची कुठून? शेवटी एकच वाट उरली. एवढ्या वर्षांची सोबत, आणि आता आपल्याच हाताने तिला मारायचं! आपण काय वेड्यासारखे रडवेले होतोय, असं म्हणत त्यांनी तोंड धुतलं. पण जेवण काही गेलं नाही.

सोमवारी वर्गात सगळे ठेवणीतले कपडे घालून बसले होते. सर फळ्यापाशी उभे राहिले. “माय वाइफ,” ते म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, “शी डाइड.”

“शी डाइड!” सवयीप्रमाणे अख्खा वर्ग ओरडला.

आणि मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. टॅक्सीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आया “अगं बाई!” म्हणून उठली. शिवणताईंनी तोंडाला पदर लावला. सरांकडे बघावं तर सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते नाटक नव्हतं हो. इतक्या जणांनी एका दमात सांगितल्यावर ती खरोखरच गेली होती.

टॅक्सीवाल्याने त्यांना हाताला धरून खाली नेलं, गाडीत बसवलं. सगळे दाटीवाटीने घरी आले. सरांच्या एवढ्याशा खोलीत बसायला खुर्ची एकच, म्हणून बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले. आयाने कधी, कुठे विचारलं, तेव्हा सर कसेबसे म्हणाले, शनिवारी, बहिणीकडेच, सगळं तिकडेच उरकलं. टॅक्सीवाला मधूनमधून सरांची पाठ चोळत होता. आई गेल्यापासून सरांच्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता, आणि तो हात निघू नये असं त्यांना वाटत होतं. याची त्यांना लाजही वाटत होती.

तासाभराने लोक निघाले. शिवणताई थांबल्या. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्यांना ठाऊक होतं की पुढचं काम सगळ्यात अवघड.

“त्यांच्या कपड्यांचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “ते बघत बसू नका तुम्ही. माणूस त्यानेच खचतो.”

सर उठेपर्यंत त्यांनी कपाट उघडलंसुद्धा. आत सहा-सात शर्ट, दोन पँटी, एक जुना स्वेटर. खालच्या कप्प्यात चादरी. बाकी काही नाही.

“कोणाला देऊन टाकलेत का?” ताईंनी विचारलं.

किती सोपं होतं! ‘हो’ म्हटलं की सुटले. सरांनी तोंड उघडलं, पण ते ‘हो’ काही केल्या बाहेर पडेना.

“कपडे नव्हतेच,” सर म्हणाले. “तीच नव्हती.”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग चुलीजवळच्या एकुलत्या एका कपाकडे. “आणि मुलगा?”

“तोही नाही.”

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. चेहरा लाल झाला होता. “अहो, मी कालपासून तुमच्या बायकोसाठी शाल घडी करून ठेवलीय! आत्ता वर्गात मी माझ्या नवऱ्यासाठी रडले नाही इतकी रडले. कोणासाठी रडलो आम्ही, सर?”

सर मान खाली घालून उभे होते. “माझ्यासाठी रडलात,” ते हळूच म्हणाले. “दुसरं कोणी नव्हतंच.”

मग ताईंनी नाक पुसलं, कपाट लावलं आणि पिशवी उचलली.

“एकटा आहे म्हणाला असतात, तरी आलो असतो की आम्ही,” त्या म्हणाल्या. आवाजातला राग अजून गेला नव्हता. “मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं, उद्या, सगळ्यांसमोर. आणि इंग्रजीत नको. आपल्या भाषेत सांगा.”

“ते मला येत नाही,” सर म्हणाले.